सव्वीस अंशांचा नवरा

आमच्या शहराला किती उकडावं, हे माझ्या नवऱ्याच्या अंगावरून ठरलं आहे. ही फुशारकी नाही, तक्रार आहे.

आमचे हे 'उष्णता व आराम विभागा'त वरिष्ठ अधिकारी आहेत. नाव ऐकून लोकांना वाटतं, तिथे सगळे पाय पसरून पडलेले असतात. तसं काही नाही. इतरांनी किती आराम करावा, हे ठरवण्याचं ते ठिकाण आहे. काही उन्हाळ्यांपूर्वी या विभागाला वरून हुकूम आला की घरातला एसी किती अंशांवर ठेवला म्हणजे माणसाला बरं वाटतं, तो एकच एक आकडा काढा. लोक एसी सोळावर लावून वर दुलई घेऊन झोपत होते आणि भर दुपारी वीज जात होती, तेव्हा हुकूम काही अगदीच वेडगळ नव्हता. वेडेपणा पुढे झाला.

कार्यालयाच्या तळमजल्यावर काचेची एक खोली बांधली. आत एक खुर्ची, बाहेर यंत्रं. खुर्चीतल्या माणसाच्या अंगाला वायरी चिकटवायच्या, खोलीचं तापमान हळूहळू बदलायचं आणि दर पाव तासाने त्याला विचारायचं, काय वाटतंय? उत्तरं सातच मान्य होती: थंडगार, थंड, किंचित थंड, ठीक, किंचित उबदार, उबदार, गरम. शेकडो माणसं बसवायची असं ठरलं होतं. पण दिवसभर मोबाइलशिवाय काचेत बसायला कोण येणार? जाहिरात दिल्यावर जे दोघं-तिघं आले, त्यांतला एक जेवण काय मिळेल ते विचारून निघून गेला. मुदत संपत आली, संचालकसाहेबांचा आरडाओरडा सुरू झाला, आणि शेवटी घरचं कार्य समजून आमचे हे स्वतःच आत जाऊन बसले. एक दिवस बसले, दुसऱ्या दिवशी बसले, मग बसतच राहिले.

आता यांची प्रकृती सांगते. भर उन्हाळ्यात बनियनवर बनियन घालणारा हा माणूस आहे. आमच्या लग्नाच्या फोटोत वऱ्हाड घामाने चकाकतंय, भटजींनी पंच्याने तोंड पुसलंय, आणि नवरदेव तेवढे कोटाची वरची गुंडी लावून कोरडे ठणठणीत उभे आहेत. अशा माणसाला सव्वीस अंशांवर 'ठीक' वाटलं. पंचविसावर 'किंचित थंड' वाटलं. झालं! सव्वीस हा आकडा अहवालात गेला, अहवालातून रस्त्यावर आला, आणि चौकाचौकात फलक लागले. फलकावर यांचाच फोटो, कारण मॉडेल आणायचं तर दुसरा माणूस शोधावा लागला असता. खाली मोठ्या अक्षरांत: 'सव्वीसवर सुखी!'

तेव्हापासून गल्लीत यांचं नाव सव्वीससाहेब पडलं. मी ओघानेच सव्वीसवहिनी झाले. घरातल्या रिमोटवर यांनी पारदर्शक आवरण चढवलं आणि वरून चिकटपट्टी मारली. "फलकावर एक आणि घरात दुसरं, असं मला चालणार नाही," म्हणाले. तत्त्वाचा माणूस आहे. तत्त्व फार चांगली गोष्ट आहे, फक्त ती ज्याची त्याने आपल्या अंगावर वापरावी.

तशी मीही दोन उन्हाळे सव्वीसवर काढले. हसतखेळत काढले, खोटं कशाला बोलू. मग माझं ते वय आलं. बायकांना सांगायला नको, पुरुषांना सांगून उपयोग नाही, तरी सांगते: पाळी थांबायला लागली आणि अंगात वाफा उठायला लागल्या. भाजी चिरता चिरता, कुणाशी बोलता बोलता, काही कारण नसताना छातीतून एक लाट निघते, मानेवरून चढते, कान तापतात, डोक्यातून घाम गळायला लागतो आणि ब्लाउज पाठीला चिकटतो. काही मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग थंडी वाजते. दिवसातून किती वेळा, ते मोजणं मी सोडून दिलंय. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती म्हण ज्याने केली तो नक्कीच बाई असणार.

पहिल्या वेळी मी यांना सांगितलं, "अहो, मला फार उकडतंय."

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवर तापमापक लावलाय, त्याच्याकडे पाहिलं. आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "उकडत नाहीये गं. सव्वीस आहे."

त्यानंतर मी मूग गिळून बसायला शिकले. मला एक आसरा होता म्हणून ते जमलं. मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क, हातात मोजे, वरून तो प्रखर दिवा. त्यामुळे आमच्याकडे एसी बाविसावर असतो आणि त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. मी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन हत्यारं उकळायला लावायची आणि संध्याकाळी कपाटं आवरत बसायची. डॉक्टर म्हणायचे, अशी कामसू बाई पाहिली नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा काही तरी विसरलंय म्हणून जाऊन यायची. दवाखान्यात मी आणखी एक गोष्ट शिकले आहे. रोगी तोंड उघडून 'अं अं, काही नाही, ठीक' म्हणतो तेव्हा त्याच्या तोंडाकडे नाही, मुठींकडे बघायचं.

आणि मग यांनी एक दिवस जेवताना आनंदाची बातमी दिली. सव्वीस आता नुसता सल्ला राहणार नव्हता. येत्या महिन्यापासून कार्यालयं, दुकानं आणि दवाखाने यांना तो नियम लागू होणार होता. शिवाय यांना बढती मिळून हे उपसंचालक होणार होते. "दवाखान्यांनासुद्धा?" मी विचारलं. "सगळ्यांना," हे अभिमानाने म्हणाले. माझा घास तोंडातच राहिला.

पण तेवढ्यात कुण्या वार्ताहराच्या रूपाने माशी शिंकली. म्हणजे विभागाच्या दृष्टीने माशी. त्याने छापलं की हा आकडा फक्त पुरुषांवरून काढलाय, बायकांचं काय? बिचाऱ्याला हे ठाऊक नव्हतं की 'पुरुषांवरून' यातलं अनेकवचनही खोटं आहे. वरून विचारणा झाली. संचालकसाहेबांनी तातडीची बैठक घेतली आणि प्रदीर्घ चर्चेनंतर तोडगा निघाला: एक बाई बसवा.

एक! पुरुष एक होता, तेव्हा बाई एक. समानता म्हणतात ती हीच.

ती एक बाई म्हणून यांनी माझं नाव सुचवलं. "माझी मिसेस कधी कुरकुर करत नाही," असं बैठकीत सांगितलं म्हणे. घरी येऊन मला म्हणाले, "एकच दिवस. नुसतं बसायचं. दर वेळी विचारलं की 'ठीक' म्हणायचं, बास. तू 'ठीक' म्हटलंस की नियम झाला, आणि नियम झाला की माझी बढती झाली."

"आणि मला ठीक नाही वाटलं तर?"

"का नाही वाटणार? सव्वीस तर असणार आहे."

यांचा चेहरा अगदी परीक्षेला निघालेल्या मुलासारखा झाला होता. लबाडी नाही हो या माणसात, तीच तर पंचाईत आहे. लबाड असते तर मी केव्हाच भांडले असते. रात्रंदिवस राबून, काचेत बसून बसून मिळवलेली बढती माझ्या एका शब्दावर अडली होती. आणि त्याच शब्दावर माझा दवाखाना जाणार होता. एकदा 'ठीक' म्हटलं की घरी सव्वीस, कामावर सव्वीस, आणि मी कुठे जाऊ? किराणा दुकानाच्या फ्रीजमध्ये डोकं घालून उभी राहू?

तरीही मी 'बरं' म्हटलं. तीस वर्षांची सवय आहे.

काचेची खोली मी प्रथमच पाहिली. खुर्ची छान होती. मापन विभागातल्या बाईंनी माझ्या कपाळाला, मनगटांना आणि घोट्यांना सेन्सरच्या टिकल्या चिकटवल्या. बाई पस्तिशीच्या, चष्मेवाल्या, तोंडाने कमी आणि भुवयांनी जास्त बोलणाऱ्या. "मॅडम, मी बाहेरून माइकवर विचारीन, तुम्ही इथे बोला," म्हणाल्या आणि दार लावून गेल्या. काचेपलीकडे त्या पडद्यासमोर बसल्या. त्यांच्या मागे आमचे हे, आणि हे हळूच मला अंगठा वर करून धीर देत होते.

"मॅडम, काय वाटतंय?"

"ठीक."

यांनी मान डोलावली. पुढच्या खेपेलाही 'ठीक' झालं. खरंच ठीक होतं. मला वाटलं, देवाची कृपा असेल तर आजचा दिवस असाच जाईल. तिसऱ्या प्रश्नाला अजून अवकाश होता आणि मी खुर्चीत जरा सैलावले. तेवढ्यात छातीत ती ओळखीची लाट उठली.

मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मान तापली, कान तापले, केसांतून पहिला थेंब निघून भुवईवर आला. बाहेर पडद्यावर काही तरी झालं असावं, कारण बाईंनी चष्मा वर केला आणि आमचे हे खुर्चीवरून उठून पुढे वाकले. माझ्या मनात आलं, दिसलं एकदाचं! आता दार उघडतील.

दार उघडलं. एक तंत्रज्ञ आत आला, माझ्याकडे न बघता माझ्या मनगटावरची टिकली काढली, नवी लावली आणि गेला.

"सेन्सर बिघडलाय," बाहेरून यांचा आवाज आला. माइक चालूच राहिला होता.

नव्या टिकलीनेही तेच दाखवलं. तंत्रज्ञ पुन्हा आला, या वेळी कपाळावरची टिकली बदलली. घामामुळे ती चिकटेना, तर त्याने खिशातल्या फडक्याने माझं कपाळ पुसलं. टेबल पुसावं तसं पुसलं. "गोंद खराब आलाय या खेपेला," असं बाहेर जाऊन सांगितलं. मग वायर बदलली. मग मुख्य यंत्र बंद करून चालू केलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. एवढ्यात गडबड ऐकून संचालकसाहेब खाली आले आणि त्यांनी हुशारीचा सल्ला दिला: "सेन्सर दुसऱ्या कुणाला तरी लावून बघा."

लगेच आमच्या यांनी बाही वर केली. यांच्या मनगटावर सेन्सर लावला. आकडा शहाण्यासारखा जागेवर आला.

"बघा, यंत्र उत्तम आहे," साहेब म्हणाले.

"मग वायर असेल," आमचे हे म्हणाले.

मी आत बसून हे सगळं ऐकत होते. पाठ भिजून खुर्चीला चिकटली होती. यंत्र खोटं असेल, गोंद खोटा असेल, वायर खोटी असेल, पण आत बसलेल्या बाईला खरंच काही होत असेल, हे त्या तीन पुरुषांपैकी एकाच्याही डोक्यात येईना. आणि मला विचारावं, तर पाव तास पुरा झाला नव्हता! मला रडू येतंय की हसू, ते मलाच कळेना. इतकी वर्षं मी म्हणत होते की यांना सांगून कळत नाही, म्हणजे पुरावा हवा असेल. आता पुरावा पडद्यावर नाचत होता, आणि हे पुराव्यालाच दुरुस्त करत होते.

मापनवाल्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि वेळ व्हायच्या आतच बटण दाबलं.

"मॅडम, तुम्हाला काय वाटतंय?"

काचेपलीकडे आमचे हे ताठ झाले. ओठांनी 'ठीक' असं करून दाखवलं. माझं लक्ष यांच्या हातांकडे गेलं. मुठी आवळल्या होत्या.

"गरम," मी म्हटलं.

यांनी घाईघाईने अंगठा आणि तर्जनी जवळ आणून 'किंचित, किंचित' असं खुणावलं.

"किंचित नाही. तुमच्या सातव्या उत्तरातलं गरम. आठवं असेल तर तेही लिहा. अंगाची लाही लाही होतेय माझ्या. सेन्सर बिघडला नाहीये, गोंद चांगला आहे आणि वायरीला काहीही झालेलं नाही. मला होतंय ते. मला!"

हे माइककडे धावले. "अगं, पण सव्वीस आहे!"

"खोलीत सव्वीस आहे. माझ्यात नाही."

मग आमचे हे आत आले. यांनी माझं मनगट धरलं. यांचा हात नेहमीचा, गारेगार. तीस वर्षांत मला तो इतका बरा कधी वाटला नव्हता. यांनी आधी सेन्सरकडे पाहिलं, मग कपाळाकडे, मग शेवटी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. तोपर्यंत लाट ओसरत आली होती आणि मला हुडहुडी भरायला लागली होती.

"हे कधीपासून?"

"लेक नोकरीला परगावी गेली, त्या उन्हाळ्यापासून."

"दोन वर्षं? मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही भिंतीकडे बघितलंत."

यांच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की यांना तो दिवस आठवत नाहीये, आणि आठवत नाहीये हेच यांना लागलंय. मला यांचा राग आला होता, तो तसाच होता, पण त्या घटकेला यांची दयाही आली. दोन्ही एकदम येऊ शकतं.

दारातून संचालकसाहेबांनी घसा खाकरला. "काही काळजी करू नका. असं होतं कधी कधी. हे रीडिंग असामान्य म्हणून काढून टाकू. उद्या दुसरी बाई आणा. नॉर्मल."

उद्या दुसरी बाई, परवा नियम, आणि महिनाअखेरीस बढती. रस्ता अगदी मोकळा होता. यांनी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं, आणि साहेबांसमोर मान हलवण्यात यांचा हात धरणारा त्या विभागात कुणी नव्हता. मी यांच्याकडे बघत राहिले.

"साहेब," हे माझं मनगट न सोडता म्हणाले, "ही नॉर्मल आहे. हिचं वय एक्कावन्न आहे, एवढंच. असामान्य मी आहे. मला लहानपणापासून थंडी वाजते."

साहेबांनी हात झटकला. "पण… म्हणजे… या वयात सगळ्यांनाच काही असं होत नाही. आमच्या घरी नाही होत."

"विचारलंय का सर?" मापनवाल्या बाईंनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

साहेब रागावले असावेत, पण खिशातून फोन काढून ते जरा बाजूला गेले. "काय गं, सहजच केला. तुला… म्हणजे तुला घरात उकडतं का?" एवढंच आम्हाला ऐकू आलं. पुढे साहेबांना बोलायची संधीच मिळाली नाही. ते उभे होते ते भिंतीला टेकले, टेकले होते ते स्टुलावर बसले. अधूनमधून 'हो', 'अगं पण', 'नाही, मला कसं कळणार' एवढंच. तंत्रज्ञ चहा पिऊन परत आला, तरी फोन कानालाच होता. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण साहेबांच्या घरची चूल बरीच वर्षं धुमसत असावी.

फोन ठेवल्यावर साहेब एकदम म्हातारे दिसायला लागले होते. नियम तूर्त स्थगित, असं ते म्हणाले. नंतर कळलं की या प्रश्नाचा सखोल अभ्यास करायला विभागाने महिला उष्णता उपसमिती नेमली आहे. समितीवर पाच जण आहेत, पाचही पुरुष. सरकारी काम आहे, एका दिवसात शहाणपण आलं तर बाकीचे दिवस करणार काय? यांची बढती मात्र गेली. यांनी ते मला रिक्षात सांगितलं, बाहेर बघत. मी यांचा हात धरला. गार हाताचा उपयोग होता म्हणूनही धरला.

घरी आल्यावर यांनी रिमोटवरची चिकटपट्टी काढली. जुनी झाली होती, निघता निघेना, नखाने खरवडून खरवडून काढली. मग आवरण काढलं आणि रिमोट हातात धरून माझ्यासमोर बसले.

"किती करू?"

मी आकडा सांगितला. यांनी तो लावला, कपाटातून स्वेटर आणि कानटोपी काढली आणि निमूटपणे माझ्या शेजारी येऊन बसले.

किती, ते मला विचारू नका. उद्या मी आकडा सांगितला, तर चौकात त्याचाही फलक लागेल, आणि कुठल्या तरी घरात कुणी तरी भिंतीकडे बघून आपल्या माणसाला म्हणेल, तुला थंडी वाजत नाहीये गं.